सालेंतोतली एक ऑलिव्हची बाग: झाड वाचवायचं, जात की धंदा?

इटलीच्या नकाशातल्या बुटाची टाच म्हणजे सालेंतो, पुल्या राज्याचा दक्षिणेकडचा तुकडा. तिथल्या लेच्चे जिल्ह्यातल्या एका कुटुंबाच्या ऑलिव्ह बागेचं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, क्षेत्र आणि घरातल्या माणसांचे तपशील बदलले आहेत. रोग, कायदे, तारखा आणि तेलाचं तंत्र मात्र जसंच्या तसं. फळबागवाल्यांनी हे वाचावं असं मला वाटतं, कारण या कुटुंबाचं गणित रोगाने जितकं बिघडवलं तितकंच निर्णय पुढे ढकलण्यानेही बिघडवलं.

पार्श्वभूमी

सालेंतोत नदी नाही म्हटलं तरी चालेल. लाल माती, वीतभर खाली चुनखडीचा दगड, दोन्ही बाजूंना समुद्र. अशा जमिनीत पाण्याशिवाय शेकडो वर्षं तग धरणारं झाड म्हणून इथे ऑलिव्ह रुजलं. बाग सुमारे 40 हेक्टरांची, मधोमध मास्सेरिया, म्हणजे तटबंदी असलेला शेतवाडा. बरीचशी झाडं दोन-तीनशे वर्षांची. काहींचा बुंधा दोन माणसांच्या कवेत मावत नाही. जाती मुख्यतः दोनच: ओल्यारोला सालेंतिना आणि चेल्लिना दि नार्दो. सगळ्या सालेंतोत जास्त करून याच दोन.

वाड्याच्या अंगणाखाली दगडात कोरलेला जुना घाणा आहे. या भागात असे घाणे मुद्दाम जमिनीखाली खोदत. आत ऊब राहते, त्यामुळे हिवाळ्यात तेल थिजत नाही. जनावर जुंपून दगडी चाकाखाली फळं भरडायची, लगदा गोल विणलेल्या चटयांवर पसरायचा, चटया एकावर एक रचून दाबायच्या. मजूर हंगामभर तिथेच राहत. त्यांच्या मुकादमाला जहाजाच्या तांडेलाचं नाव होतं, नाकीरो. तेल सालेंतोतल्याच गल्लीपोली बंदरातून बाहेर जाई, आणि ते मुख्यतः खाण्यासाठी नव्हे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या मोठ्या शहरांचे दिवे या तेलावर जळत.

केरोसीन, गॅस आणि वीज आल्यावर दिव्यांचा बाजार गेला, पण तेल काढायची रीत बदलली नाही. झाडं उंच, मजूर कमी. म्हणून फळ पिकून आपोआप गळेपर्यंत थांबायचं. झाडाखालची जमीन खळ्यासारखी चोपून साफ ठेवायची आणि गळलेली फळं झाडून गोळा करायची. दोन-तीन आठवडे जमिनीवर पडलेल्या फळांचं तेल आंबूस निघतं. मुक्त आम्लता, म्हणजे तेलातल्या सुट्या मेदाम्लांचं प्रमाण, 2 टक्क्यांच्या वर गेली की ते कायद्याने ‘लाम्पान्ते’ ठरतं, म्हणजे शुद्धीकरणाशिवाय खाण्यास अयोग्य. एक्स्ट्रा व्हर्जिनची मर्यादा 0.8 टक्के, शिवाय चव-परीक्षकांच्या गटाला त्यात एकही दोष सापडता कामा नये. वडिलांच्या काळात या बागेचं बहुतेक तेल टँकरने रिफायनरीला जाई.

बदल केला थोरल्या मुलीने. अन्नतंत्रज्ञान शिकून ती घरी आली आणि दहा वर्षांत तिने धंद्याचा तोंडवळा बदलला. फळ हिरव्याचं जांभळं होत असतानाच, ऑक्टोबरमध्ये, जाळी अंथरून आणि हातातल्या थरथरत्या दांड्यांनी तोडायचं. सकाळी तोडलेलं रात्रीच्या आत गिरणीत. आधी कुटणी, मग लगदा अर्धा तास मंद घुसळायचा, 27 अंशांच्या वर जाऊ न देता. मग वेगाने फिरणाऱ्या आडव्या डिकँटर यंत्रात पाणी न घालता तेल वेगळं करायचं, गाळायचं आणि हवा लागू नये म्हणून स्टीलच्या टाक्यांत नायट्रोजनखाली ठेवायचं. यंत्रांसाठी बँकेचं कर्ज काढलं.

लवकर तोडलेल्या फळातून तेल कमी निघतं. बाप-लेकीचं भांडण यावरूनच. म्हातारा म्हणायचा, “अर्धं तेल तू झाडावरच सोडून येतेस.” ती आम्लतेचा आकडा दाखवायची. त्यावर त्याचं उत्तर, आकडा पावाला लावून खाता येत नाही. पण बाटली विकली जाऊ लागली, जर्मनीत आणि मिलानमध्ये, आणि टँकरच्या कित्येक पट भावाने. 2012 च्या हंगामापर्यंत निम्म्याहून अधिक तेल बाटलीतून जाऊ लागलं होतं. धाकटा भाऊ शेत आणि कामगार सांभाळी, बहीण गिरणी आणि विक्री. कर्जाचे सहा हप्ते उरले होते.

अडचण

2013 च्या उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या रांगेतल्या काही झाडांचे शेंडे करपले. पानाचं टोक आधी वाळायचं, मग कडा, मग अख्खी डहाळी तांबूस होऊन तशीच लटकत राहायची. वरच्या फांद्या पहिल्या. गल्लीपोलीच्या आसपास असं काही वर्षांपासून दिसतंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कारणंही तयार होती: खोड पोखरणारी अळी, बुरशी, अवर्षण, तणनाशक.

ऑक्टोबर 2013 मध्ये पुल्यातल्याच बारी शहरातल्या संशोधकांनी खरं कारण सांगितलं: झायलेला फास्टिडिओसा नावाचा जिवाणू. तो झाडाच्या जलवाहिन्यांत वाढतो आणि पाण्याची वाट बुजवतो. झाड उभ्या उभ्या तहानेने मरतं. उपचार नाही. प्रसार करतो गवतावरचा एक छोटा उडता किडा. त्याची पिल्लं वसंतात तणावर थुंकीसारख्या फेसात बसलेली असतात. मे-जूनमध्ये पंख फुटले की ती ऑलिव्हवर जातात. हा जिवाणू मध्य अमेरिकेतून, बहुधा शोभेच्या कॉफीच्या रोपांबरोबर आला असावा, असं जनुकीय तुलनेतून दिसलं.

नाशिक किंवा नागपूरच्या वाचकाने इथे जरा थांबावं. याच जिवाणूची एक उपजाती कॅलिफोर्नियात द्राक्षवेली मारते, आणि सालेंतोतल्या ऑलिव्हवर आलेली उपजाती ब्राझीलमध्ये संत्र्यावर रोग करते. परदेशातून हौसेने आणलेली एक कुंडी काय करू शकते, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

कुटुंबाचा पहिला निर्णय जोरदार छाटणीचा होता. करपलेल्या फांद्या काढल्या, पुढच्या वसंतात झाडाला भरघोस फुटवा आला. घरात हायसं वाटलं. 2014 च्या ऑगस्टमध्ये तोच फुटवा करपला. छाटणीने झाड पालवतं, पण जिवाणू खोडात असतोच. कोवळ्या फुटीवर मरणाऱ्या झाडाचा उरलासुरला साठा खर्च होतो. हे कळायला दोन हंगाम गेले.

तोवर बाहेर गदारोळ सुरू झाला होता. युरोपीय संघाच्या आयोगाने 2015 मध्ये रोगट झाडाभोवती 100 मीटरच्या परिघातली सगळी यजमान झाडं, म्हणजे हा जिवाणू ज्यांत वाढू शकतो अशी, निरोगी असली तरी, काढायचा नियम केला. लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. रोग बनावट आहे, जमिनी बळकावायचा डाव आहे, अशा गोष्टी पसरल्या. डिसेंबर 2015 मध्ये लेच्चेच्या सरकारी वकिलांनी तोड थांबवली आणि चौकशी उलट संशोधकांवरच लावली. जून 2016 मध्ये युरोपीय न्यायालयाने तोडीचा नियम वैध ठरवला. संशोधकांवरची चौकशी 2019 मध्ये बंद झाली, खटला उभा न राहता.

एक बारकावा बातम्यांत हरवला. या कुटुंबाच्या भागात रोग इतका पसरला होता की तिथे झाडं तोडायची सक्ती नव्हतीच. सक्ती होती उत्तरेकडच्या सीमापट्ट्यात, रोग पुढे सरकू नये म्हणून. दक्षिणेत बंधन वेगळं होतं: रोगाला बळी पडणारी झाडं नव्याने लावायची नाहीत, आणि त्यात ऑलिव्ह आलंच. म्हणजे कुणी तोडायला लावत नव्हतं आणि नवं लावू देत नव्हतं. या कोंडीत घोंगडं भिजत पडलं. कोर्टाचा निकाल येऊ दे, मग बघू. औषध निघेल, मग बघू.

2016 च्या हंगामात बागेचं उत्पादन पूर्वीच्या पाचव्या हिश्शावर आलं. गिरणी दोन महिन्यांऐवजी दहा-बारा दिवस चालली. हप्ता मात्र होता तेवढाच.

समोरचे पर्याय

2016-17 च्या हिवाळ्यात भावंडं पहिल्यांदा कागद-पेन घेऊन बसली. वडील खोलीत होते, पण टेबलाशी नव्हते.

फवारणी चालू ठेवावी, हा सर्वात सोपा पर्याय. जस्त, तांबं आणि सायट्रिक आम्ल यांचं एक मिश्रण काही बागांत झाडांची लक्षणं कमी करत होतं. पण त्याने जिवाणू जात नाही. दर वर्षी, वर्षातून अनेकदा, उंच झाडांवर फवारायचं. मजुरी आणि डिझेल धरलं तर खर्च उत्पन्नाच्या वर. भावाने हा हिशेब मांडला तेव्हा बहिणीने मान हलवली, तरी रस्त्याकडेच्या दोन रांगांना फवारणी चालूच राहिली. ते वडिलांसाठी होतं, असं तिने नंतर मला सांगितलं.

पीक बदलणं दुसरा. बदाम डोक्यात होता, पण बदामही याच जिवाणूचा यजमान. द्राक्षवेलीला सालेंतोतला हा प्रकार लागत नाही, मात्र वाइनच्या द्राक्षलागवडीला परवाने लागतात आणि वाइन बनवायचं तंत्र घरात कुणाला येत नव्हतं. डाळिंब शेजाऱ्याने लावलं. त्याला पाणी हवं. सालेंतोतल्या विहिरींचं पाणी जास्त उपसलं की समुद्राचं खारं पाणी आत सरकतं.

जमीन विकणं किंवा सौर पॅनेलवाल्यांना भाड्याने देणं, हा तिसरा. याला दोघांपैकी कुणीच ‘नाही’ म्हटलं नाही, हे मला विशेष वाटलं. कागदावर तो शेवटपर्यंत होता.

चौथा पर्याय त्यांच्याच शेतात उभा होता. वाड्यामागे लेच्चीनो जातीची एक रांग होती, मूळ मध्य इटलीतल्या तोस्कानाची जात, वडिलांनी केव्हातरी लावलेली. भोवतालची झाडं वाळत असताना ही रांग हिरवी होती. 2014 मध्येही हिरवी होती. घरातल्यांनी ते पाहिलं होतं, पण ‘झाडं तरुण आहेत, म्हणून तगली’ असं म्हणून सोडून दिलं. सालेंतोभर अशाच हिरव्या रांगांकडे बघून शेतकरी आणि संशोधक प्रतिकारक्षम जातींपर्यंत पोचले. लेच्चीनोला संसर्ग होतो, पण तिच्यात जिवाणूंची संख्या खूप कमी राहते आणि झाड फळत राहतं. दुसरी तशी जात एफएस-17, व्यवहारात ‘फावोलोसा’. इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने विकसित केलेली आणि पेटंट असलेली. काही शेतकरी जुन्या खोडांवर या जातींची कलमं बांधून बघत होते.

आणि पाचवा प्रश्न बागेचा नव्हताच, गिरणीचा होता. स्वतःची फळं नसतील तर उत्तर पुल्यातून, आंद्रिया शहराजवळून, कोरातीना जातीची फळं विकत आणून गाळायची का? फळं चांगली मिळत होती. पण बाटलीवर बागेचं नाव होतं.

पहिला निर्णय: लेबल

भावाचं म्हणणं सरळ होतं. गिराइकाला चांगलं एक्स्ट्रा व्हर्जिन हवंय, कोरातीनाचं तेल तर पॉलिफेनॉलमध्ये (तेलाला कडू-तिखटपणा देणारे घटक) आपल्यापेक्षा भारी; नाव तेच ठेवा, ‘आमच्या बागेतली फळं’ ही ओळ तेवढी काढा. कायद्याने ते चाललं असतं.

बहिणीने दोन्ही तेलं निळ्या पेल्यांत ओतून त्याच्यापुढे ठेवली. पेला निळा, म्हणजे रंग बघून मत बनू नये. तळहातात धरून ऊब द्यायची, झाकण काढून हुंगायचं, मग घोट तोंडात फिरवून दातांतून हवा ओढायची. त्यांचं जुनं तेल मऊ होतं: बदामाचा वास, चेल्लिनामुळे येणारी रानफळांसारखी झाक, घशात बारीकसा ठसका. कोरातीना कडू आणि झणझणीत, खोकला आणणारी. ज्या गिराइकाने दहा वर्षं पहिलं तेल घेतलं, त्याला दुसरं पाठवलं तर पहिल्या घोटातच कळणार. तिचा मुद्दा नीतीचा नव्हता. हे लपणारच नाही, असा होता.

शेवटी नवा, स्वस्त दिसणारा पत्र्याचा डबा काढला, वेगळ्या नावाने, आणि फळं कुठली ते वर छापलं. जुनं लेबल बंद ठेवलं. नेहमीच्या गिराइकांना पत्र गेलं: बागेवर रोग आहे, बागेचं तेल यंदापासून मिळणार नाही, हवं असल्यास हे दुसरं आहे. साधारण निम्म्यांनी डबा घेतला. शिवाय ज्यांच्याकडे थोडी झाडं उरली होती अशा शेजाऱ्यांची फळं भाड्याने गाळून द्यायला सुरुवात केली. जिल्ह्यातल्या कित्येक गिरण्यांची यंत्रं त्या काळात सुटी करून विकली गेली. यांची टिकली ती या दोन निर्णयांमुळे. यंत्र बंद पडलं की चालवणारी माणसंही दुसरीकडे जातात, आणि तेल गाळणारा जाणता माणूस पुन्हा मिळणं यंत्र मिळण्यापेक्षा अवघड.

दुसरा निर्णय: कलम की नवी लागवड

डिसेंबर 2017 मध्ये आयोगाने रोगग्रस्त भागात पुन्हा लागवडीला वाट मोकळी केली; ऑलिव्हमध्ये मात्र तेव्हा लेच्चीनो आणि फावोलोसा या दोनच जातींना मुभा होती. आता निमित्त उरलं नाही.

बहिणीला कलमं हवी होती, भावाला नवी रोपं. कलमाने खोड राहतं, मुळं राहतात, दृश्य राहतं. खोल मुळांमुळे पाणीही द्यावं लागत नाही. मोठ्या झाडांना 2007 च्या राज्य कायद्याचं ‘स्मारक वृक्ष’ म्हणून संरक्षणही आहे. रोपांची बाग मात्र ओळीत, बुटकी, यंत्राने तोडता येणारी, चौथ्या वर्षापासून हिशेबात बसणारी. पण तिला ठिबक लागतं.

एप्रिल 2018 मध्ये कलमं बांधणारा म्हातारा कारागीर आला. गावात त्याला सगळे ‘मेशू’ म्हणतात, हुनरी माणसाला मानाने हाक मारायची ही तिथली रीत. त्याने झाडांकडे वर पाहिलंच नाही. प्रत्येक बुंध्याशी वाकून, कमरेच्या उंचीवर चाकूने सालीचा चतकोर उचलायचा. साल ओली, आतून हिरवट-पिवळी आणि लाकडापासून अलगद सुटली, तर खडूची रेघ. साल चिकटून तुकड्यातुकड्याने निघाली, खाली लाकूड चॉकलेटी दिसलं, तर पुढचं झाड. रेघ नसलेल्या झाडांबद्दल तो काही बोलायचा नाही. भाऊ मागोमाग वहीत लिहीत होता. तीन झाडांत जेमतेम एकाला रेघ मिळाली.

मग करवत. खोड छातीएवढ्या उंचीवर आडवं कापायचं, काप गुळगुळीत करायचा. सालीत उभी चीर देऊन तिच्याखाली लेच्चीनोच्या बोटभर लांबीच्या काड्या सरकवायच्या, एका खोडाला पाच-सहा, दोरीने घट्ट बांधून वर कलममेण. आपल्याकडे जुना आंबा कापून त्यावर हापूस चढवणारे कलमवाले हे काम बघून लगेच ओळखतील. फरक एवढाच की इथे खाली उरलेलं खोड रोगाला बळी पडणाऱ्या जातीचंच असतं. बुंध्यावर फुटवा आला की तो जुन्या जातीचा, म्हणजे जिवाणूचं घर. तो दर वर्षी, वेळेत, हाताने काढावा लागतो.

निकाल ठरवला त्या वहीने. ज्यांना रेघ मिळाली त्यांवर 2018 आणि 2019 मध्ये कलमं. बाकीच्यांपैकी रस्त्यापासून दूरची सहाएक हेक्टर मोकळी करून फावोलोसा, ठिबकासह. उरलेलं तसंच ठेवायचं. 2019 मध्ये कायदा बदलल्यावर मेलेली झाडं काढायच्या परवानग्या सोप्या झाल्या आणि पुढे 30 कोटी युरोंच्या राष्ट्रीय योजनेतून लागवडीला मदत आली. ती हाती पडायला मात्र इतका वेळ लागला की पहिली रोपं उसन्या पैशावरच लागली.

वसंतातली नांगरणी हे सर्वात कमी दिखाऊ काम होतं. मार्च-एप्रिलमध्ये तण उलथलं की फेसातली पिल्लं पंख फुटण्याआधीच मरतात. स्वतःच्या शेतात भावाने ते चोख केलं. पण सालेंतोत जमिनीचे तुकडे बारीक आहेत. शेजारची दोन हेक्टर अकरा वारसांच्या नावावर, त्यांतले बहुतेक तुरीनला नाहीतर स्वित्झर्लंडला. त्यांच्या पडीक रानातलं तण कुणी उलथायचं? हा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही गावात तितकाच निरुत्तर राहिला असता.

काय झालं

बांधलेल्या कलमांपैकी साधारण दोन-तृतीयांश लागली. काही खोडं कलम लागूनही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खालून वाळली. साल जिवंत होती, मुळं थकलेली होती. उरलेल्यांवर तिसऱ्या वर्षी फळ दिसलं. लेच्चीनो स्वतःच्या परागाने नीट फळत नाही, हे सुरुवातीला कुणी लक्षात घेतलं नव्हतं; फावोलोसाची बाग जवळ असल्याने निभावलं, ठरवून नव्हे.

2022 मध्ये पहिल्यांदा स्वतःच्या फळांनी गिरणी सलग आठवडाभर चालली. तेल उत्तम आहे. फावोलोसा कडवट-तिखट आणि पॉलिफेनॉलने भरलेली, लेच्चीनो सौम्य. दोन्ही मिसळून बाटली भरतात. पण ते जुनं तेल नाही. जुन्या लेबलची रंगसंगती ठेवली, नाव बदललं आणि मागे दोन्ही जातींची नावं छापली. जुन्या गिराइकांतले काही परतले. काहींनी एक बाटली घेऊन लिहिलं की छान आहे, पण आम्हाला दुसरं आवडायचं.

जुन्या जातींचं तेल वेगळं असं शेवटचं 2016 मध्ये गाळलं गेलं. ते साठवता येत नाही. नायट्रोजनखालीसुद्धा दोनेक वर्षांत ऑलिव्ह तेल म्हातारं होतं, वास जातो. चव-परीक्षणाचे कागद आणि प्रयोगशाळेचे अहवाल तेवढे फाइलमध्ये आहेत.

पैशाच्या बाजूने दैवाने हात दिला. स्पेनमधल्या दुष्काळाने 2023-24 मध्ये तेलाचे भाव कडाडले; इटालियन एक्स्ट्रा व्हर्जिन घाऊक बाजारातही किलोला 9 युरोंच्या आसपास गेलं. कर्जाची फेररचना झाली होती, ती त्या वर्षात निस्तरली. मात्र असा भाव धरून धंद्याची आखणी करता येत नाही, आणि भावंडांनी तो धरलेलाही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात महाग पडला तो 2014 च्या ऑगस्टपासून 2016 च्या अखेरपर्यंतचा काळ. नवी लागवड बंद होती हे खरं, पण चाचणीची कलमं काही शेतकरी संशोधकांच्या मदतीने बांधत होतेच. 2015-16 मध्ये मेशू आला असता तर खडूची रेघ तिप्पट झाडांवर पडली असती, असा भावाचा अंदाज आहे, आणि वाळत जाण्याचा वेग बघता मला तो फुगवलेला वाटत नाही. थांबणं हा त्यांना निर्णय वाटलाच नाही. तो निर्णय होता, आणि त्याची मुदत सालीखाली संपत होती.

घरामागची हिरवी रांग हा दुसरा मुद्दा. शेतकऱ्याचं निरीक्षण चुकलं नव्हतं, त्याचा अर्थ लावणं चुकलं. ‘तरुण आहेत म्हणून’ हे स्पष्टीकरण तपासायला सोपं होतं: त्याच वयाची चेल्लिनाची झाडं बांधावर होती आणि ती वाळत होती. चार पानं प्रयोगशाळेत पाठवली असती तरी पुरलं असतं.

तिसरा मुद्दा थोडा कडू आहे. बहिणीने उभी केलेली आधुनिकता सगळी गिरणीत होती. तापमान, नायट्रोजन, आम्लता यांवर अंशाअंशाने लक्ष. शेतात मात्र वाड्यामागची एक रांग सोडली तर दोनच जाती, त्याही शेजाऱ्यापाजाऱ्यांसारख्याच. 2000 च्या सुमारास यंत्रांवर खर्च करताना पाच-दहा टक्के क्षेत्रावर तिसरी-चौथी जात लावायचं कुणाला सुचलं नाही, कारण बाजार ‘पारंपरिक जाती’ याच शब्दांना पैसे देत होता. तो दोष मी एकट्या तिच्या माथी मारणार नाही. त्या काळी मीही तिला तसं लावायला सांगितलं नसतं.

वडिलांना टेबलाबाहेर ठेवणं मात्र टाळता आलं असतं. ते कलमाला विरोध करतील असं दोघांनी गृहीत धरलं. प्रत्यक्षात मेशू आला त्या दिवशी कुठल्या झाडाचं मूळ ओलीत आहे, कुठलं खडकावर, हे त्यांनीच सांगितलं. त्यांनी दाखवलेल्या झाडांत कलमं टिकण्याचं प्रमाण जास्त राहिलं. लेबलवरही त्यांचं मत उपयोगी पडलं असतं, कारण टँकरच्या धंद्यात नाव बुडालेल्या गिरण्या त्यांनी बघितल्या होत्या.

सध्या दोन गोष्टी अधांतरी आहेत. वाड्याकडे येणाऱ्या रस्त्यालगतची मेलेली मोठी खोडं बहिणीला तशीच हवीत. पाहुणे येतात, फोटो काढतात. भावाचा आक्षेप फुटव्यांवर आहे: ज्या खोडाला अजून बुंध्यातून फूट येते ते एकतर कलम करा नाहीतर उपटा. दोघांनी मिळून प्रत्येक खोडावर क्रमांक टाकलाय. दोन वर्षं फूट न आलेली खोडं राहतील, बाकीची जातील. दुसरी गोष्ट पुढच्या लागवडीची आणि तिला लागणाऱ्या पाण्याची. वाळलेल्या बागांत आपोआप उगवलेली काही रोपं रोगातही हिरवी आढळली आहेत, त्यांतली काही जुन्या जातींच्या वंशातली, आणि संशोधक ती तपासत आहेत. बहिणीला त्यांच्या काड्या मिळेपर्यंत 10 हेक्टर मोकळी ठेवायची आहे. भावाला तिथे आत्ताच फावोलोसा हवी आहे. तूर्त ठरलंय ते एवढंच की या ऑगस्टमध्ये दोन्ही विहिरींच्या पाण्याची क्षारता मोजायची. ती गेल्या वर्षीपेक्षा वाढली असेल, तर नवं ठिबक टाकायचं नाही.